३८ मिनिटांत चार ट्रॅक मास्टर होत नसतात

मास्टरिंग करून देतो, म्हणजे तयार गाण्यावर रिलीजआधी शेवटचा हात फिरवून देतो, म्हणणाऱ्या एका माणसाने मला फसवलं. एकूण ५५५ डॉलर गेले. आकडा आधीच सांगून टाकते, कारण घरी सांगताना मी तो दोनदा कमी करून सांगितला आणि त्याची लाज अजून गेलेली नाही. मास्टरिंगचे २२०, 'स्ट्रीमिंगसाठी वेगळा मास्टर' म्हणून ६०, प्रमोशनचे १८०, 'अजून थोडा जोर लावू' म्हणून ७५, आणि शेवटी डिस्ट्रिब्युटरने (गाणी स्ट्रीमिंग सेवांवर पोहोचवणाऱ्या कंपनीने) कापलेला २० चा दंड.

माझी चार टेक्नो (क्लबमध्ये वाजणारं इलेक्ट्रॉनिक संगीत) ट्रॅकची पहिली ईपी, म्हणजे छोटा अल्बम, होती. दोन वर्षं नोकरी सांभाळून, रात्री हेडफोन लावून केलेली.

हा माणूस एका फ्रीलान्स साइटवर भेटला. रेटिंग चांगलं, बोलणं मुद्देसूद. त्याने एका ट्रॅकचा एक मिनिटाचा नमुना फुकट पाठवला आणि तो नमुना खरोखर उत्तम होता. किकखाली (ड्रमच्या जड ठोक्याखाली) दबलेला सब-बेस (अगदी खालचे सूर) मोकळा झाला होता, हाय-हॅट (झांजेचे आवाज) कानाला टोचायचे थांबले होते. मी तो त्या रात्री किती वेळा ऐकला असेन! आज माझी खात्री आहे की तो नमुना त्याने केलाच नव्हता. बरेच प्रामाणिक इंजिनिअर नव्या गिऱ्हाइकाला असा नमुना देतात. माझीच फाइल त्यांच्यापैकी कुणाकडे पाठवून त्याने तो करून घेतला असणार. सिद्ध करता येत नाही, पण पुढे आलेलं काम आणि तो नमुना एका हाताचे नाहीत. नमुना आवडला तरी आधी एकाच पूर्ण ट्रॅकचे पैसे द्या.

मग नेहमीचंच: साइट बरीच मोठी टक्केवारी कापते, बाहेर पैसे दिलेत तर तुम्हालाही स्वस्त पडेल. आणि पाठवताना 'ओळखीच्या व्यक्तीला' हा पर्याय निवडा. मी निवडला. त्या पर्यायात खरेदीदाराला संरक्षण नसतं, हे तिथे लिहिलेलं असतं. मी वाचलंही होतं. पण नमुना कानात घुमत होता.

आता ती संध्याकाळ. चार ट्रॅक मिळून २६ मिनिटं ४० सेकंद. मी ७ वाजून १२ मिनिटांनी फाइल्स पाठवल्या, ७ वाजून ५० मिनिटांनी आठ फाइल्स परत आल्या. चार क्लबसाठी, चार स्ट्रीमिंगसाठी. ३८ मिनिटं! नुसतं एकदा ऐकायलाच २६ मिनिटं लागतात. मग त्याने ऐकलं कधी, ठरवलं कधी, बदल कधी केले? हा हिशेब दुसरीतलं पोर करेल. मी काय केलं? 'इतक्या लवकर! मनापासून आभार' असा मेसेज पाठवला. तो मेसेज अजून माझ्या फोनमध्ये आहे. तिथेच थांबले असते तर निदान पुढचे २७५ वाचले असते.

पण माझी बाजूही ऐका. स्वतःचा ट्रॅक दोन वर्षं ऐकल्यावर कान त्याला बहिरे होतात. म्हणूनच तर मास्टरिंग दुसऱ्याकडे देतात. आणि मोठा आवाज आपल्याला नेहमी चांगलाच वाटतो, हा माणसाच्या कानाचाच दोष आहे. माझा प्रीमास्टर (मास्टरिंगआधीची फाइल) हळू, त्याची फाइल कितीतरी मोठी. लावल्याबरोबर छाती भरून आली. दोन्ही एका पातळीवर आणून ऐकायचं मला सुचलं नाही. तुम्ही मात्र मास्टर आला की पहिलं काम तेच करा, आनंद नंतर. दुसऱ्या दिवशी मी विचारलं होतं की नमुन्यातला मोकळेपणा इथे का नाही. म्हणाला, तुमचे कान थकलेत, दोन दिवस ऐकू नका. आणि मी खरंच दोन दिवस ऐकलं नाही.

तीन महिन्यांनी, सगळं होऊन गेल्यावर, मी प्रीमास्टर आणि मास्टर शेजारी लावले, पातळी जुळवली, एकाचा फेज उलटा केला, म्हणजे दोन्हींत सारखं असेल ते वजा होतं आणि फरक तेवढा उरतो. खरं काम झालं असतं तर वजाबाकीत संगीत उरलं असतं. उरली फक्त किकच्या ठोक्यावर खरखर, मध्ये जवळपास शांतता. म्हणजे ९ डीबी आवाज वाढवला आणि लिमिटरवर (आवाजाची टोकं दाबणाऱ्या साधनावर) आदळला. चारही ट्रॅकला ९ डीबीच, त्यात एक तर निम्मा पॅड (लांबवलेले मऊ सूर) आणि ब्रेकडाऊन (ठोका थांबतो तो भाग) आहे! ट्रू पीक (आवाजाचं खरं सर्वात उंच टोक) शून्याच्या वर. स्ट्रीमिंगला तो उणे १ च्या खाली ठेवायला सांगतात. आणि त्या ६० डॉलरच्या 'स्ट्रीमिंग मास्टर'ची क्लबच्या फाइलशी पातळी जुळवून वजाबाकी केली तर पूर्ण शांतता. तीच फाइल, ६ डीबी खाली ओढलेली. स्पॉटिफाय मोठा ट्रॅक उणे १४ एलयूएफएसपर्यंत (हे कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) स्वतःच खाली आणतं. जे आपोआप होतं त्याचे मी ६० डॉलर दिले.

त्याच माणसाने विकलेल्या प्रमोशनचं, म्हणजे प्लेलिस्टमधल्या जागेचं, थोडक्यात सांगते, कारण हे सगळ्यांना माहीत आहे आणि मलाही होतं. सहा दिवसांत ११,४०० स्ट्रीम, सेव्ह (ट्रॅक आपल्या यादीत जपून ठेवणारे) ३. ऐकणारे जवळजवळ सगळे दोनच शहरांतले. आपलं काम कुणीतरी ऐकतंय, या भुकेपुढे ते ३ मला दिसलेच नाहीत. उलट ७५ आणखी दिले. स्ट्रीम मोजायला ३० सेकंद पुरतात. माझ्या पहिल्या ट्रॅकची सुरुवात डीजेंसाठी ३२ बारची (एका बारमध्ये चार ठोके) आहे, १२८ बीपीएमला, म्हणजे मिनिटाला १२८ ठोक्यांना, बरोबर एक मिनिट. त्या गर्दीतल्या कुणाहीपर्यंत माझी बेसलाइन पोहोचली नसेल. स्पॉटिफायच्या संपादकीय प्लेलिस्टसाठी ट्रॅक सुचवणं फुकट असतं, रिलीजच्या किमान ७ दिवस आधी, स्वतःच्या आर्टिस्ट खात्यातून. प्लेलिस्टमधली जागा विकणारा चोरच असतो, दुसरं काही नाही.

खोटे स्ट्रीम सापडले, ईपी उतरवली गेली. २०२४ पासून स्पॉटिफाय अशा ट्रॅकसाठी लेबल (संगीत प्रकाशित करणारी कंपनी) आणि डिस्ट्रिब्युटरकडून दंड घेतं, तो डिस्ट्रिब्युटरने माझ्याकडून वसूल केला. मी त्यांना चॅट, पावत्या, सगळं पाठवलं. उत्तर आलं ते यंत्राचं. पाच वेळा लिहिलं, पाचही वेळा तोच परिच्छेद: निर्णय अंतिम आहे. फ्रीलान्स साइट म्हणाली, व्यवहार आमच्याबाहेर झाला. वर नियम मोडला म्हणून ताकीद मला! त्या माणसाचं पान पुढचे अकरा दिवस चालू होतं, मी रोज बघत होते. पैसे पाठवणारी कंपनी म्हणाली, तुम्ही ओळखीच्या व्यक्तीला दिलेत. बँक म्हणाली, तुम्हीच मंजुरी दिलीत आणि फाइल्स मिळाल्या आहेत. शेवटी पोलिसांत गेले. ४० मिनिटं बसवल्यावर एकाने विचारलं, "गाणं मिळालं ना तुम्हाला? मग फसवणूक कसली?" मी लॅपटॉप उघडून ती शांतता ऐकवायला निघाले, तर म्हणाले, इथे गाणी लावू नका. तक्रारीचा नंबरसुद्धा दिला नाही. रडू आवरून बाहेर आले. चुकीच्या पर्यायावर बोट ठेवलं की तुमचं कुणीच नसतं, हे मला दारोदारी ऐकवलं गेलं.

फाइल्सवरची तारीख-वेळ जपून ठेवा. चॅट साइटवरच करा. 'लेबल' करार पाठवत असेल तर मास्टरचे (मूळ ध्वनिमुद्रणाचे) हक्क कुणाकडे जातात ते आधी वाचा. मी निदान तिथे तरी सही केली नाही.

आता दुसऱ्या इंजिनिअरकडे दिलंय. त्यांनी पैसे घेतलेच नाहीत, फाइल्स परत पाठवल्या. दुसऱ्या ट्रॅकमध्ये किक आणि बेस ५० हर्ट्झच्या आसपास भांडतायत, ते मास्टरिंगमध्ये सुटणार नाही, मिक्समध्ये (वेगवेगळे आवाज एकत्र जुळवतानाच) सोडवा आणि मग पाठवा, म्हणाले. दोन आठवडे झाले, मी अजून त्याच बेसवर बसले आहे.