गच्चीवरच्या टाकीचं थेट चित्र: एचएलएस की एमजेपीजी-स्ट्रीमर?

लातुरात आमच्या नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं हे गाव. टाकी भरून पाणी गटारीत जाताना बघितलं की जीव तुटतो. म्हणून टाकीच्या तोंडाशी यूएसबी वेबकॅम लावला आणि जिन्याच्या खोलीत रास्पबेरी पाय हा छोटा संगणक ठेवला. आई खाली मोटारीच्या बटणापाशी उभी राहून फोनवर टाकी बघते. सगळं घरातल्या वायफायवरच, इंटरनेटचा संबंध नाही.

चित्र फोनवर पोचवायचे दोन मार्ग मी वापरून बघितले. आधी एफएफएमपेग या व्हिडिओ रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामनं एचएलएस (ब्राउझरमध्ये व्हिडिओ दाखवायची एक पद्धत) केलं आणि एनजिनएक्स या वेब सर्व्हरवरून दिलं. चित्र देखणं, वायफायवर ताण नाही, आवाजही येतो. पण पहिल्याच दिवशी वरून पाणी पडल्याचा आवाज आला, तेव्हा आईच्या फोनवर टाकी चार बोटं रिकामीच होती! एचएलएस व्हिडिओचे तुकडे करून पाठवतं आणि ब्राउझर दोन-तीन तुकडे जमल्याशिवाय दाखवत नाही. तुकडा २ सेकंदांचा ठरवला तरी तो कीफ्रेमवरच, म्हणजे मागच्यापुढच्या फ्रेमवर न विसंबणाऱ्या पूर्ण चित्रावरच तुटतो, आणि एक्स२६४ (एफएफएमपेग व्हिडिओ लहान करायला वापरतं ते) आपण काही सांगितलं नाही तर २५० फ्रेमपर्यंत पुढची कीफ्रेम लांबवतं. माझा कॅमेरा सेकंदाला १५ फ्रेमचा, म्हणजे एकेक तुकडा सोळा-सतरा सेकंदांचा झाला. दर ३० फ्रेमला एक कीफ्रेम ठेवल्यावर बराच फरक पडला, तरी माझ्या अंदाजानं सात-आठ सेकंद मागे राहिलंच.

त्याहून जास्त खटकलं ते वीज गेल्यावर. वीज आली, एनजिनएक्स उठलं, एफएफएमपेग उठलं नाही. फोनवर तासाभरापूर्वीची टाकी दिसत होती आणि ते शिळं चित्र आहे हे आईला कळायला काही मार्ग नव्हता. त्या दिवशी अर्धा हौद वाया गेला.

दुसरा मार्ग एमजेपीजी-स्ट्रीमर, हा प्रोग्राम त्यामानानं साधा. बरेच वेबकॅम स्वतःच जेपेग चित्रं देतात. हे ती जशीच्या तशी ८०८० पोर्टवर एकामागून एक सोडतं, त्यामुळं रास्पबेरी पायवर भार जवळजवळ नाहीच. टाकीत हात हलवला की फोनवर लगेच दिसतो. बंद पडलं तर पान उघडल्यावर चित्रच येत नाही, मग आई मला हाक मारते. आवाज नाही, आणि वायफाय मात्र खातं: प्रत्येक बघणाऱ्याला वेगळा प्रवाह जातो. मी ६४० बाय ४८० आणि सेकंदाला ५ फ्रेमवर ठेवलंय, टाकीला तेवढं पुष्कळ.

तुम्हाला पुण्यातल्या भावाला मोबाईल डेटावर गोठा दाखवायचा असेल, तर कदाचित एचएलएसच बरं पडेल. घरातल्या घरात बघून लगेच काही करायचं असेल, तर मी एमजेपीजी-स्ट्रीमरच घ्या म्हणेन. पासवर्ड तेवढा आठवणीनं लावा, तो आपोआप नसतो. आणि राउटरमध्ये रास्पबेरी पायचा आयपी पत्ता (घरच्या नेटवर्कमधला त्याचा क्रमांक) कायमचा करून घ्या, नाहीतर वीज जाऊन आली की पत्ता बदलू शकतो आणि आईच्या फोनवरचं पान उघडत नाही.