पहिलं उड्डाण कोणी करावं: बांधणाऱ्याने, दुसऱ्याने, की दोघांनी मिळून?

घरी बांधलेलं विमान पहिल्यांदा हवेत कोणी न्यायचं, याला तीन पर्याय आहेत.

स्वतः नेण्याची जमेची बाजू खरी आहे. इंधनाची नळी कुठून वळते, कोणता बोल्ट दोनदा बदलला, हे बांधणाऱ्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. पण बांधकामाच्या वर्षांत त्याचं उडणं मागे पडलेलं असतं. त्याहून मोठा धोका मायेचा. दोन-तीनशे फुटांवर इंजिन बंद पडलं, तर समोर जी जागा दिसेल तिथे उतरायचं, विमान मोडलं तर मोडू द्यायचं. ज्याने ते स्वतःच्या हातांनी घडवलं, त्याला धावपट्टीकडे परत वळावंसं वाटतं. त्या वळणात वेग घटतो, पंख स्टॉल होतो, म्हणजे विमानाला उचलून धरेनासा होतो, आणि सावरायला उंची उरत नाही.

दुसऱ्याला त्या विमानाची माया नसते. म्हणूनच मला हा पर्याय सर्वांत सुरक्षित वाटतो. फक्त त्याच्या एकूण तासांवर भुलू नका. गायक जॉन डेन्व्हर यांच्याकडे 2,700 तासांहून जास्त अनुभव होता. 1997 मध्ये नुकत्याच विकत घेतलेल्या लाँग-ईझेड या घरी बांधायच्या छोट्या विमानाच्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. ते विमान नवं नव्हतं, पण बांधणाऱ्याने इंधनाची टाकी बदलायची मूठ डाव्या खांद्यामागे बसवली होती आणि विमानाची त्यांना पुरेशी सवय नव्हती. तेव्हा त्याच मॉडेलवर अलीकडे उडालेला वैमानिक शोधा आणि त्याला तुमच्या कॉकपिटमध्ये तासभर नुसतं बसू द्या.

दोघांनी मिळून उडणं अमेरिकेत चाचणीच्या काळात, म्हणजे साधारण पहिल्या 25 ते 40 तासांत, पूर्वी चालत नसे. 2014 पासून तिथल्या एफएएने, म्हणजे विमान वाहतुकीचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, काही अटींवर जाणकार वैमानिकाला सोबत घेण्याची मुभा दिली. एकाने उडवायचं, दुसऱ्याने तेलाचा दाब आणि तापमान पाहायचं. गंजलेल्या हाताला मोठा आधार. पण अपघात झालाच तर जीव दोन जातात. तुम्हाला थोडाफार सराव असेल आणि सोबतीला त्या मॉडेलचा माणूस मिळत असेल, तरच हा पर्याय घ्या.

धावपट्टीवर पुन्हा पुन्हा वेगाने पळवून पाहण्यावर माझा फारसा भर नाही. ब्रेक तापतात, नव्या इंजिनाला ते मानवत नाही, आणि कधी विमान नकळत उचललंही जातं.

इंधनाच्या चाचणीवर मात्र एक अख्खा दिवस घाला. नव्या विमानाचं इंजिन बंद पडतं तेव्हा दोष पुष्कळदा इंजिनात नसून इंधनाच्या वाटेत असतो. नाक चढणीच्या कोनात वर करा, टाकीत थोडंच इंधन ठेवा, कार्ब्युरेटरजवळची नळी सोडवा आणि मिनिटाला किती इंधन येतं ते मोजा. टाकी उंचावर असून इंधन आपोआप खाली येत असेल, तर टेकऑफला इंजिन जेवढं पितं त्याच्या 150 टक्के यायला हवं. पंप असेल तर 125 टक्के. हा आकडा वजन आणि गुरुत्वमध्याच्या कागदासोबत वैमानिकासमोर ठेवा. तो वाचल्याशिवाय उडायला निघाला, तर दुसरा वैमानिक शोधा.