रोपं लावायची की पाण्याला वाट करून द्यायची?

गावाजवळचं कांदळवन, म्हणजे खाडीकाठचं खारफुटीचं जंगल, उजाड झालंय, कुणीतरी निधी द्यायला तयार आहे आणि समितीला ठरवायचंय: रोपवाटिका करून लागवड करायची, की चर खणून भरतीचं पाणी आत घ्यायचं? बहुतेक गावांत लागवडीचा निर्णय बैठकीआधीच झालेला असतो. रोपं मोजता येतात, फोटोत दिसतात. चराचा फोटो कोण काढणार?

आमच्या खाडीत एका देणगीदाराच्या पैशातून अशीच लागवड झाली. शेवग्यासारख्या लांब दिसणाऱ्या कांदळाच्या शेंगा ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात ओळीनं खोचल्या. तिथे आधी एकही झाड नव्हतं आणि ते उगाच नव्हतं. ती जागा दिवसाचा बराच वेळ पाण्याखालीच असते. वर्षभरात उरल्या त्या शेवाळ आणि प्लॅस्टिक अडकलेल्या काड्या. त्याच चिखलात बायका शिवल्या (खायचे शिंपले) काढायच्या, त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. फिलिपिन्समध्ये दोन दशकं मोठमोठ्या लागवडी झाल्या, तिथेही 10 ते 20 टक्केच रोपं जगली.

दुसऱ्या पर्यायाचं आपल्या देशातलं ठळक उदाहरण तमिळनाडूतल्या पिचावरमचं. तिथे पूर्वी पट्ट्यापट्ट्यानं सरसकट जंगलतोड झाली. उघडी पडलेली जमीन खचून मधोमध ताटासारखी खोलगट झाली. भरतीचं पाणी त्यात शिरायचं, पण बाहेर पडायचं नाही. उन्हानं आटून मीठ तेवढं मागे राहायचं. अशा मातीत कितीही रोपं लावा, करपणारच. 1990च्या दशकात एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठान, वनखातं आणि आसपासच्या गावांनी मिळून माशाच्या काट्यासारखे चर खणले, म्हणजे एक मोठा आणि त्याला तिरके फुटणारे छोटे. चरांच्या काठानं तिवर ही खारफुटीतलीच एक जात लावली. म्हणजे लागवड तिथेही होती, फक्त पाण्याची सोय झाल्यानंतर. 1986 ते 2002 या काळात तिथलं कांदळवन सुमारे 90 टक्क्यांनी वाढलं.

आता खर्चाचं. रोपवाटिकेची मजुरी एका हंगामाची, पण पिशव्या भरणं, बी गोळा करणं यात बचत गटाच्या बायकांना हक्काचं काम मिळतं, हे कमी समजू नका. चराला पैसा खणताना लागतोच, वर दरवर्षी गाळ काढावा लागतो. गाळ काढायला कुणी उतरणार नसेल, तर चर खणूच नका. परवानगीचे कागदही चरालाच जास्त, कारण कांदळवन सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या, सर्वांत कडक वर्गात मोडतं.

लागवड कुठे जिंकते? जवळपास बी देणारी मोठी झाडंच उरली नसतील तिथे. झाडं असतील आणि पाणी खेळतं असेल, तर बी वाहत येतं आणि आपोआप रुजतं, पैसा कशाला घालवायचा?

रायगडसारख्या ठिकाणी आणखी एक गोम आहे. खारबंदीला, म्हणजे खारं पाणी शेताबाहेर अडवणाऱ्या बांधाला, खांड पडून शेतात कांदळवन शिरलेलं असतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018च्या निकालानं खासगी जमिनीवरच्या कांदळवनालाही संरक्षण आहे, त्यामुळे बांध पुन्हा घालून भात पिकवायची आशा धरलेला शेतकरी तुमच्याकडे संशयानंच बघणार. त्याला पहिल्या बैठकीत बोलवा, शेवटच्या नव्हे. खेकडापालन, जिताडापालन यांसाठी वनखात्याच्या कांदळवन कक्षाच्या योजनेतून अनुदान मिळतं, ते बोलणंही तेव्हाच काढा.

माझं मत विचाराल तर आधी पाणी, मग रोप. येत्या अमावास्येच्या उधाणाला गावातल्या जाणत्या कोळ्याला घेऊन जागेवर जा. पाणी कुठपर्यंत चढतं तिथे काठी रोवा आणि ओहोटीला पुन्हा या. डबकं साचलेलं दिसलं, तर कुदळ लागेल. पाणी निघून गेलेलं असेल आणि आसपास एकही मोठं झाड नसेल, तर रोपवाटिकेची तयारी करा.