चिनी रूममेटचं इंग्लिश आणि केंब्रिजचं राईट अँड इम्प्रूव्ह

माझी रूममेट चेंगदूची, आयईएल्ट्स (परदेशी शिक्षणासाठी वगैरे लागणारी इंग्लिशची परीक्षा) देतेय. आधी तिने एका पेड अ‍ॅपवर पैसे घातले (नाव नाही घेत), त्यात नुसत्या गाळलेल्या जागा भरायच्या, चुकलं की लाल फुली, का चुकलं ते विचारू नका. मग केंब्रिजचं राईट अँड इम्प्रूव्ह हे ऑनलाइन टूल सापडलं, आम्ही वापरलं तेव्हा एक पैसा लागला नाही. आपण उतारा लिहून टाकायचा, थोड्याच वेळात ते ए१ (अगदी नवशिकी) ते सी२ (एकदम तरबेज) मधली लेव्हल सांगतं आणि कुठली वाक्यं गंडलीत ते रंगवून दाखवतं, मग परत लिहा, परत टाका.

तिच्या चुका बघून मला जाम मजा आली कारण चिनीत क्रियापद काळाप्रमाणे बदलतच नाही, 'काल' म्हटलं की झालं, म्हणून ही बिनधास्त 'यस्टरडे आय गो' लिहिते, आणि 'ही' आणि 'शी' दोन्हीला बोलताना 'था'च, त्यामुळे तिचे बाबा अधूनमधून 'शी' होतात. पण 'ऑल्दो' लिहून पुढे परत 'बट' टाकते तेव्हा हसायची सोय नाही, आपलंही 'जरी-तरी' तसंच की! 'अ' आणि 'द' ची बोंब तर दोघींची सेम.

रीडिंगसाठी मात्र दुसरं काहीतरी बघा, हे फक्त लिहिण्यासाठी आहे. आणि आयईएल्ट्सच्या रायटिंगमधल्या टास्क टू चे, म्हणजे निबंधाचे, २५० शब्द घड्याळ लावून लिहा, आरामात लिहिलेलं सगळ्यांनाच जमतं.

साडेचार स्टार.