हार्ड क्रोम सोडल्यानंतर : एका गळीत हंगामाचा अनुभव

हार्ड क्रोम म्हणजे झीज टाळण्यासाठी टाकीत करंट लावून पोलादावर चढवलेला क्रोमियमचा कडक थर. त्या टाकीतलं हेक्झाव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचं विषारी रूप) कर्करोगकारक आहे, आणि तिची वाफ रोज कामगाराच्या छातीत जाते. म्हणून सोलापूर जिल्ह्यातल्या साखर कारखान्याचे हायड्रॉलिक रॉड आणि इथल्या यंत्रमागांचे काही भाग हंगामभर क्रोमशिवाय चालवले. दोन्हींसाठी एकच पर्याय चालत नाही, हे आधीच सांगतो.

रॉडला एचव्हीओएफ, म्हणजे धातूची पावडर ज्वाळेतून प्रचंड वेगाने फवारून चढवलेला थर. टंगस्टन कार्बाइडमध्ये १० टक्के कोबाल्ट, ४ टक्के क्रोम अशीच पावडर मागा. यातला क्रोम धातुरूपात असतो, हेक्झाव्हॅलंट नाही; आणि क्रोम न घातलेली, नुसत्या कोबाल्टची कार्बाइड पावडर आंबट रसाच्या ओलीत लवकर गंजते. कडकपणा १००० ते १२०० विकर्स (कडकपणाचं माप), म्हणजे क्रोमपेक्षा बहुधा जास्तच. उसाबरोबर येणाऱ्या मातीने रॉडवर एक ओरखडा नाही.

पण खरी मेख फिनिशिंगमध्ये आहे. साधा ग्राइंडिंग व्हील इथे चालत नाही, डायमंडच लागतो. क्रोमला चालणारा ०.२–०.४ आरए (पृष्ठभागाचा खडबडीतपणा, मायक्रॉनमध्ये) इथे धरू नका. कार्बाइडची टोकं झिजत नाहीत, कानशीसारखी सील खातात आणि तेल गळू लागतं. सुपरफिनिश (अगदी बारीक घासाई) करून ०.१ च्या आसपास आणा. कोटिंग धारदार कडेवर संपवू नका. तिथूनच ते उडतं. कडेला आधी गोलाई द्या.

फवारा समोर दिसेल तिथेच बसतो. त्यामुळे अरुंद बोअर (आतली भोकं) आणि मागाच्या वेड्यावाकड्या भागांना इलेक्ट्रोलेस निकेल, म्हणजे करंट न लावता रसायनाने चढणारा निकेलचा थर, २५ मायक्रॉन. टाकीचं तापमान ८८–९० अंश, पीएच ४.६–४.८. थर सगळीकडे सारखा येतो, नंतर ग्राइंडिंग नाही; हे फार मोठं सुख. सुरुवातीला कडकपणा साधारण ५००–५५० विकर्स, ४०० अंशांवर तासभर तापवला की ९०० च्या पुढे. मात्र केस-हार्डन केलेला (फक्त वरची कातडी कडक केलेला) जॉब ४०० ला घातला तर आतलं पोलाद मऊ पडतं. त्याला हे तापवणं देऊ नका. तापवल्यावर थराला बारीक चिरा जाऊन गंजरोधही कमी होतो. निकेलवर निकेल घासलं तर भाग एकमेकांत अडकतात, म्हणून जोडीतला एकच प्लेट करा.

एचव्हीओएफ महाग पडतं. तरी रॉडसाठी आम्ही तेच घेऊ.

जुना क्रोम काढताना जपा. कॉस्टिकमध्ये करंट लावून काढला की तेच हेक्झाव्हॅलंट क्रोमियम पाण्यात उतरतं. ते पिवळं पाणी पीएच २–३ वर सोडियम मेटाबायसल्फाइटने हिरवं करा, मग चुन्याने पीएच ८–९ वर नेऊन गाळ खाली बसवा, आणि तो गाळ घातक कचरा म्हणूनच द्या.