सी-डॅकचे सहा महिने की घरच्या घरी स्वयंअध्ययन?

अभियांत्रिकीची पदवी हातात आहे, कॅम्पसमधून नोकरी लागलेली नाही आणि घरातून रोज विचारणा होते आहे, अशा स्थितीतली मुले-मुली दरवर्षी माझ्याकडे एकच प्रश्न घेऊन येतात: पुण्याला जाऊन सी-डॅक या सरकारी संस्थेचा पीजी-डॅक हा सहा महिन्यांचा संगणक अभ्यासक्रम करावा, की तेच सहा महिने घरी बसून शिकावे? मी अनेक वर्षे जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत काम करतो आहे आणि नवोदितांच्या मुलाखतीही घेतो. या दोन वाटांची तुलना करताना बहुतेक जण दोन्हीकडचे विषय समोरासमोर मांडतात. तिथे मात्र फारसा फरक सापडत नाही, कारण पीजी-डॅकमध्ये शिकवले जाणारे जवळपास सर्व काही आज विनामूल्य शिकता येते. फरक आहे तो वेळापत्रकाचा, सोबतीचा आणि कंपन्यांच्या दारापर्यंत पोहोचण्याच्या सोयीचा, आणि शुल्क भरायचे ते त्यासाठीच, हे आधी नीट समजून घ्यावे.

सी-डॅक ही १९८८ साली पुण्यात सुरू झालेली, डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक घडवणारी सरकारी संस्था आहे, आणि पीजी-डॅक हा तिचा सर्वांत परिचित अभ्यासक्रम. २४ आठवड्यांत ९०० तास, म्हणजे आठवड्याला सदतीस-अडतीस तास वर्ग आणि लॅब. जावा, डेटा स्ट्रक्चर्स, डेटाबेस, वेब प्रोग्रॅमिंग, स्प्रिंग आणि डॉटनेट ही सॉफ्टवेअर उभारण्याची साधने, लिनक्स असे विषय एकामागून एक येतात आणि एक विषय संपला की त्याची परीक्षा होते. प्रवेशासाठी सी-कॅट ही परीक्षा द्यावी लागते. पीजी-डॅकसाठी तिचे अ आणि ब हे दोन भाग, प्रत्येकी ५० प्रश्नांचे, सोडवायचे असतात. बरोबर उत्तराला ३ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला १ गुण वजा होतो. अलीकडच्या तुकड्यांसाठी शुल्क ९०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,०६,२०० रुपये होते. कॉट बेसिसवर राहणे, मेसचा डबा आणि येण्याजाण्याचा खर्च यांची भर त्यावर पडते, आणि शहराबाहेरून येणाऱ्याने हा हिशेब शुल्काच्या बरोबरीनेच मांडला पाहिजे. नोकरीची हमी कोणी देत नाही. मात्र हा अभ्यासक्रम चालवणाऱ्या सर्व केंद्रांसाठी मिळून सामायिक कॅम्पस भरती होते, आणि ज्याच्या महाविद्यालयात मोजक्याच कंपन्या आल्या होत्या त्याच्यासाठी ही गोष्ट लहान नाही.

(याउलट शंभर टक्के नोकरीची हमी देणाऱ्या खासगी क्लासच्या पाट्यांवर विसंबून कोणीही पैसे भरू नयेत. असे पैसे गमावलेली मुले मी पाहिली आहेत.)

दुसऱ्या वाटेवरचे साहित्य उत्तम आहे, आणि मी हे मनापासून सांगतो आहे. हार्वर्डचा सीएस५० हा अभ्यासक्रम ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायच्या स्क्रॅचपासून सुरू होतो, लगेच सी भाषेकडे वळतो आणि मेमरी म्हणजे काय हे हाताने करून पाहायला लावतो. हेलसिंकी विद्यापीठाचा जावा अभ्यासक्रम १४ भागांचा आणि पूर्णपणे विनामूल्य आहे, आणि त्यातला प्रत्येक स्वाध्याय आपोआप तपासला जातो. आयआयटी आणि बंगळुरूची आयआयएससी यांनी मिळून चालवलेल्या एनपीटेल या ऑनलाइन व्यासपीठावर डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम, अल्गोरिदम असे विषय विनामूल्य शिकता येतात. प्रमाणपत्र हवे असेल तरच केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची आणि तिचे माफक शुल्क भरायचे. इंग्रजी व्याख्यान ऐकताना अडखळणाऱ्यांसाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सी, जावा, पायथन, लिनक्स यांच्यावरचे सुमारे दहा-दहा मिनिटांचे पाठ मराठीतही आहेत. सुरुवातीचे दोन आठवडे ते पाहण्यात मुळीच कमीपणा नाही.

या वाटेची अडचण साहित्यात नसून एकटेपणात आहे. अकराव्या दिवशी प्रोग्रॅम का चालत नाही हे कळत नाही, विचारायला शेजारी कोणी नसते, घरात पाहुणे येतात, मग दोन दिवसांचा खंड पडतो आणि तो पंधरवड्याचा होतो. दुसरा अभ्यासक्रम अधिक सोपा असेल असे वाटून पहिला अर्धवट सुटतो. चार अर्धवट अभ्यासक्रमांपेक्षा पूर्ण केलेला एकच बरा, कारण डेटाबेस, जोडण्या आणि चुका हाताळणे हे सारे सहसा उत्तरार्धात येते.

मुलाखतीत मला काय दिसते ते सांगतो, कारण खरी तुलना तिथे होते. मी उमेदवारासमोर जावाचा चाळीसेक ओळींचा कोड ठेवतो. त्यात विद्यार्थ्याचा एक क्लास, म्हणजे वस्तूचा (ऑब्जेक्टचा) आराखडा आहे, त्याची वस्तू हॅशमॅपमध्ये, म्हणजे किल्लीवरून नोंद शोधून देणाऱ्या रचनेत, किल्ली (की) म्हणून वापरली आहे, दोन वस्तू समान आहेत का हे ठरवणारी इक्वल्स ही मेथड लिहिली आहे, पण वस्तूचा कप्पा ज्यावरून ठरतो तो आकडा देणारी हॅशकोड ही मेथड लिहायची राहून गेली आहे. परिणामी, तोच हजेरी क्रमांक असलेली दुसरी वस्तू बनवून शोध घेतला तर मॅप नल (काहीच सापडले नाही) परत करतो, कारण ती शोधताना तो वेगळ्याच कप्प्यात पाहतो. सी-डॅकमधून आलेल्या बऱ्याच जणांना इक्वल्स आणि हॅशकोड यांचा नियम (समान वस्तूंचा हॅशकोडही समान हवा) तोंडपाठ असतो, पण समोरच्या कोडमध्ये तोच मोडला आहे हे त्यांच्या लक्षात येत नाही, कारण वेगाने सरकणाऱ्या विषयांत नियम पाठ होतो आणि त्याचा फटका अनुभवायचा राहतो. स्वतः शिकलेल्यांपैकी अनेकांनी हा नियम ऐकलेलाच नसतो, परंतु ज्यांनी एखादा प्रकल्प शेवटपर्यंत नेलेला असतो ते लगेच मधली मूल्ये दाखवणारी प्रिंटची ओळ घालून पाहतात आणि दहा मिनिटांत कारणापर्यंत पोहोचतात. दोन्हीकडे उणीव आहे, आणि आपण जी वाट निवडू तिच्यातली उणीव भरून काढण्याची जबाबदारी आपलीच असते.

नव्या एआय साधनांमुळे हा मुद्दा अधिक महत्त्वाचा झाला आहे. २०२२ मध्ये कोड सुचवणारे गिटहब कोपायलट सर्वांसाठी खुले झाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले. तेव्हापासून साधा कोड लिहून मिळणे स्वस्त झाले आहे. तो वाचून त्यातला दोष ओळखणे मात्र स्वस्त झालेले नाही. वर सांगितलेली चूक विचारली तर ही साधने ती बहुतेक वेळा दाखवतात, पण विचारण्यासाठी आधी शंका यावी लागते. म्हणून मी दोन्ही वाटांवरच्या मुलांना सांगतो की पहिले तीन महिने या साधनांकडून उत्तर घेऊ नका, स्पष्टीकरण घ्या. वर्गात शिक्षक आणि लॅबमध्ये सोबती असल्यामुळे हे पथ्य सी-डॅकमध्ये पाळणे सोपे जाते. घरी एकट्याने पाळणे फार कठीण असते.

आता निवडीविषयी माझे मत. पदवी होऊन वर्षाच्या आत असाल, महाविद्यालयात कंपन्या आल्या नसतील आणि कर्ज न काढता किंवा झेपेल एवढ्याच कर्जात खर्च भागत असेल, तर सी-डॅक करावे. मात्र सी-कॅटमधील क्रमांक चांगला असेल आणि मनासारखे केंद्र मिळत असेल तरच. कोणतेही केंद्र चालेल, असे समजून प्रवेश घेऊ नये. त्या केंद्रातून मागच्या दोन तुकड्यांत बाहेर पडलेल्या निदान तिघांशी बोलावे. सध्या सॉफ्टवेअर टेस्टिंगसारखी नोकरी हातात असेल, तर ती सोडून पूर्णवेळ अभ्यासक्रमाला जाण्याचा सल्ला मी देणार नाही; पगार चालू ठेवून रोज पहाटेचे दोन तास जावाला द्यावेत. पदवीनंतर अंतर पडून तीन-चार वर्षे झाली असतील, तर कॅम्पसला येणाऱ्या कंपन्यांच्या पात्रतेच्या अटी आधी पाहाव्यात, कारण अनेक जागी पदवीच्या वर्षाची मर्यादा असते आणि ती आड आली तर शुल्काचा मुख्य लाभच हातचा जातो.

अजूनही ठरत नसेल, तर अर्जाची मुदत संपण्याच्या सहा आठवडे आधी सीएस५० सुरू करावा. सी-कॅटच्या ब भागात सी आणि डेटा स्ट्रक्चर्स येतातच, त्यामुळे हे कष्ट कोणत्याही निर्णयात वाया जात नाहीत. पहिल्या पाच आठवड्यांचे स्वाध्याय कोणी आठवण करून न देता, स्वतःच्या हाताने पूर्ण झाले, तर घरी शिकणे जमेल असे समजावे आणि ते एक लाख रुपये वाचवावेत. तिसऱ्या आठवड्यातच थांबलात, तर अर्ज भरावा.