जिप्सीचे अडकलेले हब: फोंड्याजवळच्या एका गॅरेजचा अनुभव

आमचे कुळागर (सुपारी-नारळाची बाग) गोव्यात सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे डोंगरउतारावर आहे. पावसाळ्यात तिथला तांबड्या मातीचा शेवटचा चढ साधी गाडी चढत नाही, म्हणून 2003 सालची जिप्सी किंग आम्ही अजून सांभाळून आहोत. गेल्या जूनमध्ये चारही चाकांना जोर देणारा फोर-व्हीलचा गिअर टाकूनही ती त्याच चढावर रुतली. मागची चाके चिखल उडवीत होती, पुढची जागची हलत नव्हती, आणि उजव्या हबची, म्हणजे पुढचे चाक आतल्या शाफ्टला जोडणाऱ्या किंवा त्यापासून सोडवणाऱ्या भागाची, डायल ‘फ्री’वरून ‘लॉक’वर काही केल्या फिरेना.

जवळच्या एका गॅरेजमध्ये ती डायल पकडीने पिरगाळली गेली, तिची कड तुटली, आणि मग दोन्ही हब नवे घाला, 14,000 रुपये होतील, असे सांगण्यात आले. आत नेमके काय बिघडले आहे हे कोणी उघडून पाहिलेच नव्हते, याचे मला फार वाईट वाटले.

फोंड्याजवळच्या ज्या गॅरेजविषयी मी लिहीत आहे, तिथल्या मेस्तांनी (मेकॅनिकने) आधी पुढची दोन्ही चाके जॅकवर उचलली, गाडी फोर-व्हीलमध्ये ठेवली, डावा हब लॉक केला आणि डावे चाक हाताने फिरवले. दोन्ही हब धरत असतील तर उजवे चाक उलट दिशेने फिरायला हवे होते. ते स्थिर राहिले. “एक हब फ्री राहिला की पुढचा सगळा ॲक्सल फुकट,” असे ते म्हणाले. दोन चाकांत जोर वाटणारे डिफरन्शियल नेहमी मोकळ्या बाजूला धावते, त्यामुळे उजवीकडचा शाफ्ट आतल्या आत गरगरत होता आणि डाव्या चाकाला, त्याचा हब चांगला असूनही, जोर मिळत नव्हता. इतक्या वर्षांत हे मला कोणी असे दाखवून दिले नव्हते.

त्यानंतर त्यांनी सहा बोल्ट काढून, सर्क्लिप (शाफ्टवर बसणारी स्प्रिंगची कडी) सोडवून उजवा हब माझ्यासमोर उघडला. आतले ग्रीस दुधाळ चहाच्या रंगाचे झाले होते, म्हणजे पाणी शिरले होते. कडेला तेच ग्रीस मेणासारखे घट्ट बसले होते, आणि सरकणाऱ्या दातेरी रिंगेवर गंजाचा पातळ थर चढला होता. पाणी अडवणारी रबरी ओ-रिंग तर नखाने दाबली तरी दबत नव्हती. सगळे भाग रात्रभर डिझेलमध्ये भिजवून, ब्रशने धुऊन, गंज बारीक पॉलिश पेपरने उतरवल्यावर मेस्तांनी प्रत्येक दात बोटाने चाचपून पाहिला. दात शाबूत होते, त्यामुळे हब बदलण्याचे कारणच उरले नाही. तुटलेल्या डायलसाठी त्यांनी दुसऱ्या एका जुन्या हबची झाकणी वापरली, ओ-रिंगा आणि कागदी गॅस्केट मात्र नवी घातली. डावा हब चालत असूनही त्यांनी तो उघडला, कारण कोणीतरी त्यात बेअरिंगचे जाड ग्रीस ठासून भरले होते. सरकत्या भागांना ग्रीसचा हलका हात पुरतो. ठासून भरले की रिंग सरकत नाही.

एकूण बिल 2,600 रुपये झाले आणि काढलेले जुने भाग त्यांनी न मागता परत दिले. माझी तक्रार एकच आहे. दोन दिवसांचे काम पाच दिवसांवर गेले, कारण ओ-रिंगा बेळगावहून यायच्या होत्या, आणि हे कळवणारा एक फोनही आला नाही. कामासाठी गाडीवरच अवलंबून असलेल्या माणसाला हे त्रासाचे होते.

तरीही जुन्या जिप्सीच्या हबांसाठी मी याच गॅरेजमध्ये जाईन, आणि तेही मेच्या मध्यापूर्वी, कारण पाऊस सुरू झाल्यावर तिथे गाड्यांची रांग लागते. मेस्तांच्या सांगण्यावरून मी आता महिन्यातून एकदा दोन्ही हब लॉक करून, गिअर टू-व्हीलमध्येच ठेवून, साखळी गावापर्यंत जाऊन येतो. परवा पाहिले, उजवी डायल दोन बोटांनी फिरली.